छोट्या खिडकीतला मारिओ
(एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला)

वार्षिकांकासाठी लेख मागताना आमच्या सरांनी एकच अट घातली होती : "जे स्वतः हाताळलं आहे त्यावरच लिहा." वर्गातल्या मैत्रिणींनी ग्रामदैवते, जात्यावरच्या ओव्या, आजोळची भांडी असे विषय पटापट उचलले. मी बराच वेळ गप्प बसले. कारण मी खरोखर मन लावून हाताळलेली एकच वस्तू होती आणि ती होती एक व्हिडिओ गेम. भीतभीत सरांना सांगितले. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले व म्हणाले, "हरकत नाही. पण कौतुक लिहू नकोस, परीक्षण लिही. मूळ कृती कोणती, तिचं रूपांतर कसं झालं, काय राहिलं, काय गेलं. नाटकाबद्दल लिहितेस तसंच."

सरांना ठाऊक नव्हते, पण नेमक्या याच प्रश्नावरून आमच्या घरी दिवाळीत भांडण झाले होते.

भांडण असे. माझा दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो शाळेत असताना बाबांनी त्याला जत्रेतून एक टीव्ही गेम आणून दिला होता. टीव्हीला जोडायचे यंत्र, दोन वायरवाले कंट्रोलर आणि "९९९९९९९ इन १" असे लिहिलेली पिवळी कॅसेट. त्या लाखो खेळांत खरा खेळ एकच, मारिओ. पण टीव्ही एक आणि उमेदवार तीन : बाबांच्या बातम्या, आजीच्या मालिका आणि उरलेल्या वेळात दादा. माझा नंबर कधी लागलाच नाही. मी मागे बसून पाहायची.

पुढे मी नववीत असताना आजोळी माळ्यावर एक जांभळे यंत्र सापडले. मामा नोकरीसाठी दुबईला होता तेव्हा, २००० साली, त्याने ते आणले होते. गेम बॉय कलर. आत कॅसेट होती 'सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स'. दोन पेन्सिल सेल घातले आणि यंत्र चालू झाले! त्या वर्षी एसटीच्या खिडकीशी बसून, गावाकडच्या ओट्यावर, गच्चीत, मी तो खेळ आठव्या जगाच्या शेवटच्या किल्ल्यापर्यंत खेळून संपवला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला न विचारता, कोणाची पाळी संपण्याची वाट न पाहता पूर्ण केलेली ती गोष्ट होती.

गेल्या दिवाळीत बोलता बोलता मी हे दादाला अभिमानाने सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "तू मारिओ संपवलाच नाहीस. तू त्याचं गाइड वाचून पास झालीस."

हे वाक्य मला लागले. लागण्याचे कारण नुसता खेळ नव्हता. आमच्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना कँटीनमध्ये हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत ऐकावे लागते. कादंबरी भाषांतरातून वाचली? मग ती वाचलीच नाही. नाटक रूपांतरात पाहिले? मग ते पाहिलेच नाही. ज्याच्या वाट्याला मूळ वस्तू आली नाही, त्याचा अनुभवही खोटा ठरवायचा का? म्हणून मी ठरवले की राग बाजूला ठेवून हे एकदा तपासूनच पाहायचे. दादाचा टीव्ही गेम अजून चालू होता. माझे यंत्रही होते. पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी दोन्ही खेळ आलटूनपालटून खेळले आणि वहीत टिपणे केली. हा लेख त्या वहीवरून लिहिला आहे.

मूळ कृती

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी निन्तेन्दो कंपनीने बाजारात आणला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांनी त्याची रचना केली आणि संगीत कोजी कोंदो यांचे. निन्तेन्दोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी तो तयार झाला होता. या प्रकारच्या खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उड्या मारत, खड्डे आणि शत्रू चुकवत उजवीकडे जात राहायचे, एवढाच त्याचा कथाभाग. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, एकूण ३२. प्रत्येक जगाच्या शेवटी किल्ला आणि किल्ल्यात आग ओकणारा कासवराजा. जगभर याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या.

हा सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज आपण मोबाइलवर एकमेकांना सुप्रभातचे जे फुलांचे चित्र पाठवतो ते यापेक्षा मोठे असते. जागा इतकी तुटपुंजी असल्यामुळे रचनाकारांनी काटकसर कशी केली ते पाहण्यासारखे आहे. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार एकच आहे, फक्त रंग बदललेला. दादाला पंधरा वर्षे खेळूनही हे दिसले नव्हते. मी दाखवल्यावर तो चाट पडला.

या खेळाला अभिजात का म्हणतात हे पहिल्या टप्प्याच्या पहिल्या मिनिटातच कळते. कोठेही सूचना लिहिलेली नाही. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे उजवीकडे चालायचे. समोरून एक तपकिरी प्राणी येतो. त्याला धडकलात तर मेलात, म्हणून दुसऱ्या खेपेस उडी मारता. उडी मारता मारता डोके वरच्या विटेला लागते आणि त्यातून मश्रूम निघतो. तो उजवीकडे सरकतो, पुढच्या हिरव्या नळाला आपटतो आणि उलट तुमच्याच दिशेने येतो. भीती वाटते, पण चुकवायला जागा नसते. तो अंगाला लागतो आणि मारिओ मोठा होतो. चांगला मास्तर व्याख्या सांगत नाही, उदाहरण समोर ठेवतो. इथेही तसेच आहे.

खिडकीचे गणित

आता रूपांतराकडे येऊ. 'डिलक्स' ही आवृत्ती १९९९ साली अमेरिकेत निघाली. घरच्या टीव्हीवरचा खेळ तळहातावरच्या यंत्रात आणायचा होता. अडचण मुख्यतः एकच, पण मूलभूत होती : पडदा.

ही अडचण समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये, ते पाढ्यांपलीकडचे नाही. मारिओचे जग सारख्या मापाच्या चौकोनांत आखलेले आहे. एक वीट म्हणजे एक चौकोन आणि लहान मारिओही एक चौकोन उंच. प्रत्येक चौकोनाची बाजू १६ ठिपक्यांची. मूळ यंत्राचे चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच, म्हणजे १६ चौकोन रुंद व १५ चौकोन उंच. गेम बॉय कलरचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, म्हणजे १० चौकोन रुंद व ९ चौकोन उंच. मूळ पडद्यावर २४० चौकोन मावत, इथे ९०. सोळा आण्यांतले सहा आणे चित्र हाती उरले!

डिलक्सच्या कर्त्यांनी चित्र लहान केले नाही. मारिओ तेवढाच ठेवला, विटा तेवढ्याच ठेवल्या, उडीची उंची तीच ठेवली. आणि त्या जगावर एक लहान खिडकी बसवली. आपण मारिओचे जग त्या खिडकीतून पाहायचे. वरचे किंवा खालचे पाहायचे असेल तर वर-खालचे बटण दाबायचे, म्हणजे खिडकी थोडी सरकते.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. पहिल्याच टप्प्यात विटांची एक रांग जमिनीपासून चौथ्या चौकोनावर आहे आणि तिच्यावरचा चौकोन आठव्यावर. जमिनीचे थर दोन. दोन आणि आठ दहा, पण खिडकी नऊ चौकोनांची. म्हणजे जमीन पूर्ण दिसली तर वरचा चौकोन दिसत नाही आणि वरचा दिसला तर जमीन कापली जाते. मूळ चित्रात जे एका दृष्टिक्षेपात येत होते ते इथे दोनदा पाहावे लागते.

चौथ्या जगाच्या आरंभी लाकितू नावाचा एक प्राणी ढगावर बसून वरून काटेरी अंडी फेकतो. दादाच्या टीव्हीवर तो सतत डोळ्यांसमोर असतो. आता डावीकडे वळला, आता हात उचलला, हे दिसते आणि आपण सावध होतो. माझ्या यंत्रावर जमिनीवर उभे राहिले की तो खिडकीच्या वर राहतो. आकाशातून नुसती अंडी पडतात. नववीत असताना मला किती तरी दिवस वाटत होते की या टप्प्यात काटे आपोआप पडतात!

आडव्या दिशेचा तोटा याहून मोठा आहे, कारण तो वेळेचा तोटा आहे. मारिओ पूर्ण वेगाने पळतो तेव्हा सेकंदाला सुमारे साडेनऊ चौकोन कापतो. तो पडद्याच्या मध्यावर आहे असे धरले तर मूळ खेळात त्याच्यापुढे आठ चौकोन दिसतात. एखादा खड्डा उजव्या कडेला दिसल्यापासून पायाखाली येईपर्यंत सुमारे ०.८५ सेकंद मिळतो. लहान खिडकीत पुढे पाचच चौकोन. मिळणारा वेळ अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. खड्डा दिसणे, तो खड्डा आहे हे उमगणे आणि अंगठ्याने बटण दाबणे, हे सगळे तेवढ्यात.

दादाने माझे यंत्र हातात घेतले तेव्हा तो पहिल्या दोन जगांत ऐटीत पुढे गेला. तिसऱ्या जगात थांबून थांबून चालू लागला आणि चौथ्यात लाकितूखाली तीन वेळा मेला. "अगं, दिसतच नाही काही!" तो वैतागून म्हणाला. मी म्हटले, "मला कधी दिसत होतं? मी पाठ केलं होतं."

बोलताना सहज निघालेले ते वाक्य मी त्या रात्री वहीत लिहिले, कारण दोन खेळांतला मुख्य फरक त्यात आहे. दादा डोळ्यांनी खेळतो, मी पाठांतराने. मूळ खेळ म्हणतो, "समोर पाहा आणि ठरव." लहान खिडकीतला खेळ म्हणतो, "मागच्या वेळी इथे काय झालं होतं ते आठव." नियम तेच, जग तेच, पण खेळणाऱ्याकडून मागितलेला गुण वेगळा.

सोपे की अवघड?

मग डिलक्स मूळ खेळापेक्षा अवघड म्हणायचा का? इथेच घाई करून चालणार नाही. कारण दुसऱ्या बाजूने त्याने एक मोठी सवलत दिली आहे. मूळ कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. यंत्र बंद केले की सगळे पुसले जायचे. दादाला खेळ संपवायचा म्हणजे एका बैठकीत संपवावा लागे आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्या जगापासून सुरुवात. (एकदा सातव्या जगात वीज गेली होती. त्या संध्याकाळी दादा जेवला नव्हता.) डिलक्समध्ये टप्पा संपला की नकाशा येतो आणि खेळ जपून ठेवता येतो. मी एसटीत एक टप्पा, दुपारी एक टप्पा, असा पंचमीपासून दसऱ्यापर्यंत तो खेळले.

म्हणजे खिडकीने खेळ अवघड केला आणि जपणुकीने सोपा केला. पण या दोन गोष्टी जमाखर्चात मांडून शून्य बाकी काढता येत नाही. खिडकीमुळे प्रत्येक उडी अवघड झाली आणि जपणुकीमुळे प्रत्येक मरण स्वस्त झाले. मूळ खेळ ही लांब पल्ल्याची दौड होती. तिच्यात दम, एकाग्रता आणि शेवटी शेवटी हाताला सुटणारा घाम हेही होते. डिलक्स म्हणजे त्याच रस्त्यावरचे बत्तीस छोटे चढ. दादाच्या "गाइड" या शब्दात काही सत्य असेल तर ते इथे आहे, हे मला प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मी जेव्हा टीव्हीवर पहिल्यापासून एका बैठकीत खेळायला बसले तेव्हा आठव्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात माझी सगळी आयुष्ये संपली. टप्पे मला पाठ होते. पण दोन तास सलग भीती सांभाळण्याची सवय नव्हती.

भर

चांगले रूपांतर केवळ काटछाट करत नाही, गेलेल्याची भरपाई नव्या गोष्टींनी करते. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' रचली तेव्हा लंडनच्या बोलीची मजा मराठीत येणार नव्हती. त्यांनी मराठीचीच बोली उभी केली. डिलक्सच्या कर्त्यांनीही असा विचार केलेला दिसतो.

त्यांना कळले असावे की लहान खिडकीत पळण्यापेक्षा शोधण्यात जास्त गंमत आहे. म्हणून त्यांनी 'चॅलेंज' नावाचा भाग जोडला. संपवलेला टप्पा पुन्हा खेळायचा, पण आता त्यात पाच तांबडी नाणी आणि एक लपवलेले अंडे शोधायचे आणि ठरलेली गुणसंख्या ओलांडायची. प्रत्येक टप्प्याला अशी तीन पदके, ३२ टप्प्यांची ९६. जी खिडकी पळताना अडचण होती तीच इथे उपयोगी पडते. पडद्याबाहेर काय आहे हे माहीत नसणे हाच शोधण्याचा आनंद. मला वाटते, या रूपांतरातली सर्वांत हुशार जागा ही आहे.

याखेरीज एक लाख गुण मिळवले की एका भुताशी शर्यत लावता येते, आणि केबलने दोन यंत्रे जोडून दोघांना एकमेकांशी पळता येते. तीन लाख गुणांनंतर आणखी एक पेटी उघडते. तिच्यात मूळ खेळाचा १९८६ साली जपानमध्ये निघालेला दुसरा भाग आहे. हा भाग फार कठीण म्हणून त्या वेळी अमेरिकेत पाठवलाच नव्हता. १९९३ साली 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या संग्रहात तो प्रथम जपानबाहेर गेला. मात्र डिलक्समध्ये तो देताना हात आखडता घेतलेला आहे. मूळ भागात मारिओला पुढे ढकलणारा वारा होता, तो इथे नाही. शेवटची गुप्त जगेही गाळली आहेत. पुरवणी म्हणून ठीक, पण त्याला त्या भागाची पूर्ण आवृत्ती म्हणता येणार नाही.

रंगरूपाचे थोडक्यात सांगते. पाणी आणि लाव्हा आता हलतात, टप्प्यांच्या मध्ये नकाशा येतो. कोंदो यांच्या चाली जशाच्या तशा आहेत, फक्त लहान कर्ण्यातून त्या पातळ ऐकू येतात. यंत्राचा मोठा दोष म्हणजे पडद्याला स्वतःचा उजेड नाही. बाहेरचा प्रकाश पडला तरच दिसते. म्हणून मी नेहमी खिडकीकडेची जागा धरायची आणि दिवेलागणीला खेळ संपायचा. आईला हा दोष फार आवडत असे.

तीन वाटा

मोठ्या पडद्यावरचा खेळ लहान पडद्यावर आणण्याच्या वाटा तरी किती? मला तीन दिसतात आणि निन्तेन्दोने तिन्ही चोखाळून पाहिल्या आहेत.

पहिली वाट डिलक्सची : चित्र तसेच ठेवायचे, खिडकी लहान करायची. वाक्य मूळचे, पण पानावर मोजकीच वाक्ये.

दुसरी वाट २००४ साली आली. गेम बॉय अॅडव्हान्स या पुढच्या यंत्रासाठी मूळ मारिओ पुन्हा काढला. त्याचा पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा. रुंदी जवळजवळ पुरेशी, उंची कमी. तेव्हा त्यांनी चित्र उभ्या दिशेने चेपून बसवले. सगळे दिसते, पण मारिओ थोडा बुटका दिसतो आणि रेघा एकमेकींत मिसळतात. शब्दशः भाषांतर करताना अर्थ सगळा येतो आणि चेहरा बिघडतो, तसे.

तिसरी वाट या दोन्हींच्या आधीची, १९९४ ची. 'डाँकी काँग' हा १९८१ चा जुना खेळ गेम बॉयवर आणताना कर्त्यांनी मूळचे चार टप्पे सुरुवातीला दिले आणि वाचकाला वाटावे की संपले, तिथून पुढे लहान पडद्यासाठी मुद्दाम रचलेले नवे टप्पे सुरू केले. एकूण १०१. हे खरे स्वतंत्र रूपांतर. कलाकृती म्हणून मला ते सर्वांत सरस वाटते, पण ज्याला मूळ खेळ जसा होता तसा अनुभवायचा आहे त्याची भूक त्याने भागत नाही.

तेव्हा कोणती वाट चांगली, याचे एक उत्तर नाही. पाहायचे ते हे की कर्त्याने काय सोडायचे ठरवले आणि ते जाणीवपूर्वक सोडले का. डिलक्सने दृष्टी सोडली आणि हालचाल राखली. मारिओची धाव, घसरण, उडी मारल्यावर हवेत किंचित वळता येणे, बटण जास्त वेळ दाबले तर उडी उंच जाणे, हा या खेळाचा प्राण आहे. तो इथे शाबूत आहे. हे मी खात्रीने म्हणते, कारण टीव्हीवर बसल्यावर माझ्या अंगठ्याला काहीही नव्याने शिकावे लागले नाही.

म्हणजे, जवळजवळ काहीही नाही.

मूळ कोणाचे?

टीव्हीवर खेळताना पहिल्या दिवसापासून मला काही तरी खटकत होते. माझ्या उड्या लवकर पडत होत्या. शत्रूच्या डोक्यावर पाय पडण्याऐवजी त्याच्या पुढ्यात पडत होता. वाटले, कंट्रोलर जुना झाला असेल. पण सहाव्या दिवशी मी माझे यंत्र आणि दादाचा खेळ शेजारी शेजारी ठेवून पहिला टप्पा एकदम चालू केला. दोन्हींची चाल एकच. पण थोड्याच वेळात टीव्हीची चाल मागे पडली आणि पडतच गेली.

कारण शोधल्यावर कळले ते असे. जपान व अमेरिकेतील दूरदर्शनसंच सेकंदाला ६० चित्रांच्या मापाने चालत आणि मूळ खेळ त्या मापावर रचलेला होता. प्रत्येक चित्रागणिक मारिओ ठरावीक ठिपके सरकतो. आपल्याकडे पद्धत ५० ची. आपल्या बाजारात विकली गेलेली नकली यंत्रे आपल्या टीव्हीशी जुळावीत म्हणून ५० वर चालवलेली असत. खेळ मात्र बदललेला नसे. साहजिकच सगळेच एकषष्ठांशाने मंदावते : धाव, शत्रू, संगीत, घड्याळसुद्धा. पळता मारिओ सेकंदाला साडेनऊऐवजी जेमतेम आठ चौकोन कापतो. खड्डा दिसल्यापासून पायाखाली येईपर्यंत दादाला मिळत होता पूर्ण एक सेकंद. मूळ खेळाडूला ०.८५. मला अर्धा.

मी हे आकडे वहीत एकाखाली एक लिहून दादापुढे ठेवले. तो बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या खेळात खिडकी पूर्ण होती, पण काळ मंद. माझ्या खेळात काळ बरोबर होता, पण खिडकी अपुरी. १९८५ साली क्योतोच्या त्या कंपनीने रचलेला खेळ आम्हा दोघांपैकी कोणीच खेळलेलो नव्हतो. दादा ज्याला पाठ्यपुस्तक म्हणत होता तीही एक आवृत्तीच होती, आणि तीसुद्धा चोरून छापलेली.

"मग आता?" तो म्हणाला.

मला त्याला हरवल्याचा आनंद होईल असे वाटले होते. तो झाला नाही. उलट थोडे वाईट वाटले, कारण वीज गेल्यावर न जेवलेला दादा मला आठवला. त्याची ती दौड खोटी कशी म्हणायची? तो खरोखर धावला होता. मग माझे बत्तीस चढ तरी खोटे कसे?

निष्कर्ष

सरांनी परीक्षण मागितले होते, तेव्हा निकाल देणे भाग आहे. 'सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स' ही मूळ खेळाची जागा घेणारी आवृत्ती नाही. तिच्यात दृष्टीचा आवाका गेला आहे आणि सलग खेळण्यातला थरारही. पण खेळाचा प्राण असलेली हालचाल तिने सांभाळली, गमावलेल्याची भरपाई शोधाच्या नव्या आनंदाने केली, आणि टीव्हीपर्यंत ज्यांचा नंबर लागत नव्हता त्यांच्या हातात तो खेळ दिला. हा शेवटचा गुण परीक्षणात सहसा मोजला जात नाही. माझ्या मते तो मोजला पाहिजे.

आज पडद्याची अडचण उरलेली नाही. २०२० साली याच खेळाचे एक चिमुकले यंत्र निघाले. त्याचा पडदा ३२० बाय २४० ठिपक्यांचा आहे, म्हणजे मूळ चित्र त्यात न कापता, न चेपता मावते. डिलक्सची तडजोड आता कोणाला करावी लागणार नाही. पण तडजोड अटळ असताना ती कशी केली, यावरूनच कर्त्याची पारख होते. मोकळ्या रानात कोणीही सरळ चालतो.

आणि कँटीनमधल्या त्या वाक्याबद्दल. भाषांतरातून वाचणाऱ्याने मूळ वाचल्याचा आव आणू नये, हे खरेच. आपल्या खिडकीत किती चौकोन दिसतात आणि किती दिसत नाहीत हे त्याला ठाऊक असावे. पण "तू वाचलंच नाहीस" असे म्हणणाऱ्यानेही आपली आवृत्ती सेकंदाला किती चित्रांची आहे, हे एकदा तपासून पाहावे.

सुटी संपवून दादा चाकणला परत जाताना ते जांभळे यंत्र घेऊन गेला. जाताना म्हणाला, कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळते. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. चौथ्या जगातून तो पुढे गेला आहे. मी विचारले, "लाकितू दिसला का?" तो म्हणाला, "नाही गं. पाठ केला."

टीव्ही गेम माझ्याकडे आहे. आठव्या जगाचा दुसरा टप्पा अजून बाकी आहे. परीक्षा झाल्या की एका बैठकीत.